पोस्टरवरचं वर्तुळ कुठून येतं?

एखाद्या व्याख्यानमालेचं, एकांकिका स्पर्धेचं किंवा कॉलेजच्या महोत्सवाचं हल्लीचं पोस्टर समोर घ्या. वरच्या कोपऱ्यात पाव वर्तुळ, खाली तिरपा पिवळा पट्टा, बाजूला ठिपक्यांचा चौकोन, कुठेतरी एक पोकळ त्रिकोण आणि मधोमध कार्यक्रमाचं नाव. दिसायला नीटनेटकं, ‘मॉडर्न’ वगैरे. आता अंगठ्याने तो त्रिकोण झाका. काही बिघडलं? मग पाव वर्तुळ झाका. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. उलट नाव जरा मोकळा श्वास घेतं.

फक्त अक्षरं आणि भूमितीचे आकार एवढ्या ऐवजावर पोस्टर उभं करण्याची रीत साधारण शंभर वर्षांची आहे. तिच्याबद्दल लिहिताना शैलींची वंशावळ मांडायची पद्धत आहे : रशियन, मग जर्मन, मग स्विस, मग बाकीचे. वंशावळ खोटी नाही, पण कामाला बसलेल्या माणसाला तिचा फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक पोस्टरला एकच प्रश्न विचारावा. हा आकार आला कुठून? सांगायच्या गोष्टीतून आला, छापखान्यातून आला, गणितातून आला की अक्षरातूनच आला? ज्या पोस्टरांकडे याचं उत्तर आहे ती आजही ताजी वाटतात. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यावर नुसती नक्षी उरते.

सुरुवात मात्र आकारांनी झाली नाही, वजाबाकीने झाली. १९०५-०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये प्रीस्टर नावाच्या काडेपेटीच्या पोस्टरसाठी स्पर्धा होती. लुसियान बर्नहार्ड या तरुणाने आधी टेबल, त्यावर सिगार, मागे नाचणाऱ्या बायका असं भरगच्च चित्र काढलं होतं, आणि मग एकेक गोष्ट पुसत शेवटी दोन काड्या आणि कंपनीचं नाव एवढंच ठेवलं, अशी हकिकत सांगतात. परीक्षकांनी बाजूला टाकलेलं हे चित्र एर्न्स्ट ग्रोवाल्ड या छपाई व्यवसायातल्या जाणकाराने उचलून धरलं, असंही त्याच हकिकतीत येतं. तपशील थोडेफार रंगवलेले असतील. पण पोस्टर अजून आहे, आणि त्यात काड्या आणि नावाखेरीज खरोखरच काही नाही. काड्याही काढून टाकल्या तर काय उरेल, हा पुढचा प्रश्न त्यातच दडलेला होता.

तो प्रश्न निकालात काढला यादवी युद्धाच्या काळातल्या रशियाने. आज बेलारूसमध्ये असलेल्या व्हिटेब्स्क शहरात मार्क शगाल एक कलाशाळा चालवत होता. त्याने १९१९ साली एल लिसित्स्कीला छपाई आणि वास्तुकला शिकवायला बोलावलं. लिसित्स्की जर्मनीत डार्मश्टाटला वास्तुशास्त्र शिकून आलेला. पाठोपाठ काझिमिर मालेविच तिथे आला. १९१५ च्या डिसेंबरात पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात काळा चौकोन टांगून ‘हेच चित्र’ म्हणणारा तो. शगालच्या उडत्या प्रेमिकांपेक्षा विद्यार्थ्यांना चौकोन जास्त भावला. या वातावरणात लिसित्स्कीने जे पोस्टर केलं त्याचं नावच हुकूम आहे : लाल पाचर घालून पांढऱ्यांना हाणा. पांढरे म्हणजे क्रांतिविरोधी फौजा.

हे पोस्टर जवळून पाहण्यासारखं आहे. आडवा कागद तिरका कापल्यासारखा, अर्धा काळा, अर्धा पांढरा. काळ्या बाजूला एक पांढरं वर्तुळ. डावीकडून एक लाल त्रिकोण त्या वर्तुळात टोकाने घुसलेला. टक्कर झाली तिथून उडाल्यासारखे छोटे तुकडे. वाक्यातले शब्द एका ओळीत नाहीत. ते सुटे सुटे, आपापल्या आकाराच्या आसपास, त्या हालचालीच्या कलाने तिरपे बसवले आहेत. म्हणजे वाचणारा वाक्य वाचतो तेव्हा त्याची नजर पाचरीच्याच वाटेने जाते. इथे त्रिकोण झाकून पाहा : पोस्टर संपलं. वर्तुळाच्या जागी चौकोन ठेवून पाहा : टोक कोपऱ्यावर अडकेल आणि घुसणं जाईल, कारण बंद, निवांत वर्तुळच फोडता येतं. कुठला आकार घ्यायचा हे इथे आवडीवर राहिलेलंच नाही.

आता खरं सांगायचं तर त्या काळच्या रस्त्यावरच्या माणसाला हे कितपत उमगलं असेल याची मला शंका आहे. त्याच सुमारास रोस्टा या वृत्तसंस्थेच्या खिडक्यांमध्ये कवी मायाकोव्हस्की आणि त्याचे सहकारी स्टेन्सिलने रंगवलेली पोस्टरं लावत होते. लठ्ठ भांडवलदार, लाल कामगार, खाली यमक जुळवलेल्या ओळी. ज्यांना धड वाचता येत नव्हतं त्यांना ती आकृतीतल्या माणसांवरून कळत. पाचर मात्र पुस्तकांत गेली आणि जगभरच्या डिझायनरांची झाली. शुद्ध भूमितीचं पोस्टर ही तेव्हापासूनच थोडी शिकलेल्यांची मिरास राहिली आहे, आणि हे तिचं दुखणंही आहे.

या दुखण्यावर अलेक्झांडर रॉडचेन्कोने चांगला तोडगा काढला. १९२४ मध्ये लेनिनग्राडच्या सरकारी प्रकाशनगृहासाठी केलेल्या त्याच्या पोस्टरमध्ये लिल्या ब्रिकचा फोटो आहे. डोक्याला रुमाल, तोंडापाशी हात, हाक मारणारी बाई. फोटो वर्तुळात बसवलेला. तिच्या तोंडातून एक त्रिकोण निघतो आणि त्यात ‘पुस्तकं’ हा रशियन शब्द अक्षरागणिक मोठा होत जातो. त्रिकोण म्हणजे आवाज. यासाठी कलाशाळेत जावं लागत नाही. पुढे ऐंशी वर्षांनी, २००५ साली, फ्रान्झ फर्डिनांड या स्कॉटिश बँडने आपल्या अल्बमच्या वेष्टनावर हाच त्रिकोण जवळजवळ जसाच्या तसा उचलला, आणि तो तिथेही ओरडला.

आकार सांगायच्या गोष्टीतून येतो तो असा. पण सगळेच आकार इतक्या उदात्त ठिकाणाहून आले नाहीत. बरेचसे छापखान्यातल्या लाकडी खणांतून आले. खिळ्यांच्या छपाईत चित्र छापायचं तर ब्लॉक करून आणावा लागे. त्याचे पैसे वेगळे, वेळ वेगळा. जाड-बारीक रेषा छापायच्या पितळी पट्ट्या, ठोकळे, लाकडी मोठे टाइप मात्र खणांत पडूनच असत. ते फर्म्यात आवळून बसवायचे तर सगळं काटकोनात बसणार. त्या काळच्या अनेक पोस्टरांत जाड आडव्या-उभ्या पट्ट्या दिसतात त्यामागे तत्त्वज्ञान आहेच, पण फर्म्याचाही त्यात हात आहे. तिरपं काही छापायचं म्हणजे कंपोझिटरची दमछाक. लिथोच्या दगडावर हे बंधन नव्हतं. १९२३ च्या बाउहाउस प्रदर्शनाचं योस्ट श्मिटचं लाल-काळं पोस्टर एवढं तिरपं, वर्तुळाकार होऊ शकलं ते लिथो होतं म्हणून.

या वाटेवरचा मला सर्वांत आवडणारा माणूस हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनचा हेन्ड्रिक वेर्कमन. त्याचा स्वतःचा छापखाना होता, धंदा बसला होता. रिकाम्या वेळात त्याने लाकडी टाइपची पाठ छापली, कुलपाच्या पट्ट्या छापल्या, एकाच कागदावर पुन्हा पुन्हा वेगळ्या शाईचे थर दिले, दाब कमी-जास्त केला. ‘ओ’ अक्षर त्याच्याकडे कधी अक्षर असतं, कधी नुसतं वर्तुळ, आणि बऱ्याचदा ते कोणत्या क्षणी बदललं हे सांगता येत नाही. १९२३ ते १९२६ या काळात त्याने ‘द नेक्स्ट कॉल’ नावाचं छोटेखानी नियतकालिक अशाच पद्धतीने काढलं. एप्रिल १९४५ मध्ये, शहर मुक्त व्हायला काही दिवस उरले असताना, नाझींनी त्याला गोळ्या घातल्या.

बाउहाउसबद्दल इतकं लिहिलं गेलंय की इथे थोडक्यात आटोपतो. १९१९ साली वायमारला सुरू झालेली, १९२५ मध्ये डेसाउला गेलेली आणि १९३३ मध्ये बर्लिनमध्ये बंद पडलेली ही शाळा. त्रिकोण पिवळा, चौकोन लाल, वर्तुळ निळं हे समीकरण तिच्या नावावर जमा आहे. वासिली कांडिन्स्कीने १९२३ मध्ये एक प्रश्नावली वाटून शाळेतल्यांना कोणत्या आकाराला कोणता रंग शोभतो हे विचारलं आणि बहुमत त्याच्या बाजूने आलं. गुरुजींनी वाटलेल्या प्रश्नावलीत गुरुजींचं म्हणणं जिंकलं यात नवल नाही. आजही हे तीन आकार-तीन रंग लावले की ‘बाउहाउस पोस्टर’ झालं असं समजणारे खूप आहेत. प्रत्यक्षात त्या शाळेचं टिकाऊ देणं वेगळं होतं : मजकुराची प्रतवारी. काय पहिल्यांदा वाचलं जावं, काय दुसऱ्यांदा, आणि त्यासाठी लाल पट्टी कुठे ठेवावी. हर्बर्ट बायरने १९२६ मध्ये कांडिन्स्कीच्या साठीच्या प्रदर्शनासाठी केलेल्या पोस्टरमध्ये सगळी मांडणी जराशी तिरकी फिरवली आहे, पण तारीख आणि जागा शोधायला एक क्षणही लागत नाही. जाता जाता एक आपल्याकडचा धागा : डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यात बाउहाउसच्या कलावंतांची चित्रं, कांडिन्स्की आणि पाउल क्ले यांच्यासह, मांडली गेली होती. वायमारचं ते गाजलेलं प्रदर्शन अजून व्हायचं होतं.

वायमारचं प्रदर्शन पाहून आलेला एक तरुण म्हणजे लायप्झिगच्या पाटी रंगवणाऱ्याचा मुलगा यान चिखोल्ड. त्याने १९२५ मध्ये एका छपाई-मासिकाचा खास अंक आणि १९२८ मध्ये ‘नवी टायपोग्राफी’ हे पुस्तक काढून सगळ्याला नियमांची शिस्त दिली. मजकूर मधोमध मांडायचा नाही, अक्षरांच्या टोकांना सेरिफची शेपटी नको, कागदाची मापं ठरलेली असावीत. म्युनिकच्या फोएबुस-पालास्ट चित्रपटगृहासाठी १९२७ मध्ये केलेल्या त्याच्या पोस्टरांत ही शिस्त जिवंत दिसते. नाझींनी १९३३ मध्ये त्याला अटक केली. सुटल्यावर तो स्वित्झर्लंडमध्ये बासेलला गेला आणि पुढे हळूहळू स्वतःच्याच नियमांवरून त्याचा विश्वास उडाला. १९४६ मध्ये माक्स बिल या स्विस डिझायनरशी झालेल्या जाहीर वादात त्याने म्हटलं की नव्या टायपोग्राफीतली असहिष्णुता, ते फर्मान काढणं, ज्या राजवटीने तिला हाकललं तिच्याशीच नातं सांगणारं होतं. बिलला हे अजिबात पटलं नाही. मलाही पुरतं पटत नाही. एखाद्या पुस्तकासाठी मधोमध मांडणी शोभते म्हणून पोस्टरवरची असमान मांडणी हुकूमशाही ठरत नाही. पण चिखोल्डचं १९३७ चं ‘कॉन्स्ट्रक्टिव्हिस्ट’ प्रदर्शनाचं पोस्टर पाहिलं की त्याला काय डाचत होतं ते कळतं. एक मोठं फिकट वर्तुळ, एक बारीक आडवी रेषा, बेताच्या आकारात नावं. आरडाओरडा शून्य. लिसित्स्कीचीच भाषा, पण हळू आवाजात.

मग येतं झ्युरिक, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण गणितातून आलेल्या आकाराचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. योझेफ म्युलर-ब्रोकमन मुळात चित्रं काढणारा, नेपथ्य करणारा. पन्नाशीच्या दशकात त्याने चित्र सोडलं आणि टोनहाले या संगीत सभागृहासाठी पोस्टरांची मालिका केली, ती वीसेक वर्षं चालली. त्यातलं १९५५ चं बीथोव्हेनचं पोस्टर म्हणजे पांढऱ्यावर काळ्या कमानदार पट्ट्यांचं वादळ. सगळे पट्टे एकाच केंद्राभोवती फिरणारे. केंद्राशी बारीक, बाहेर जाड, आणि प्रत्येक पट्टा आधीच्याच्या दुप्पट जाड : एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. पट्टे कुठे सुरू व्हावेत आणि कुठे तुटावेत हेही वर्तुळाचे बत्तीस भाग पाडून ठरवलेलं, म्हणजे सव्वाअकरा अंशांच्या पटीत. नाव आणि कार्यक्रमाचा मजकूर केंद्रापाशी, लहान अक्षरांत, सरळ ओळीत. कागद स्वित्झर्लंडमध्ये पोस्टरांसाठी ठरलेल्या मापाचा, साधारण ९० बाय १२८ सेंटीमीटर.

यात बीथोव्हेन कुठे आहे? चेहरा नाही, व्हायोलिन नाही. आहे ते फक्त वाढत जाणं आणि अचानक तुटणं. दुप्पट होत जाणारा क्रम डोळ्याला चढत्या आवाजासारखा जाणवतो, कारण आवाजाच्या बाबतीतही कान साध्या बेरजेपेक्षा पटीचा हिशेब जास्त मानतो. रेषा एकसारख्या जाडीच्या ठेवल्या असत्या तर नेमबाजीचा फळा झाला असता. त्याचं १९६० चं ‘डेर फिल्म’ हे प्रदर्शनाचं पोस्टर तर याहून कंजूष आहे. काळी पार्श्वभूमी, दोनच मोठे शब्द, करडा ‘डेर’ आणि त्यावर थोडासा चढलेला पांढरा ‘फिल्म’. एक दृश्य विरून त्यात दुसरं उमटतं, एवढंच. तिथे भूमितीचा वेगळा आकारच नाही. अक्षरं एकमेकांवर आल्याने जे होतं तेवढ्यावर काम भागलंय.

या स्विस मंडळींनी ग्रिड नावाची गोष्ट जगभर पोचवली. म्युलर-ब्रोकमनचं ग्रिडवरचं पुस्तक १९८१ चं. १९५७ मध्ये आलेला, पुढे हेल्वेटिका या नावाने विकला गेलेला टाइप ग्रिडबरोबर पसरला आणि काही वर्षांतच बँका, विमान कंपन्या, औषध कंपन्या सगळ्या सारख्याच दिसू लागल्या. ग्रिड कारणीभूत नव्हती, ग्रिडवर काय ठेवायचं याचा विचार थांबला ते कारणीभूत होतं. बीथोव्हेनच्या पोस्टरमागचे बत्तीस भाग त्या कार्यक्रमासाठी पाडलेले होते. पुढे लोकांनी तयार चौकटी घेतल्या आणि त्यांत मजकूर ओतला.

बाहेरच्यांनी याला जे वळण दिलं ते मला जास्त रंजक वाटतं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी लान्स वायमनने ऑलिम्पिकची पाच कडीच घेतली, त्यांच्या गोलाईतून ‘६८’ हे इंग्रजी आकडे काढले आणि त्याच रेषा समांतर समांतर बाहेर पसरवत ‘मेक्सिको’ हा शब्द त्यात विणून टाकला. हुइचोल आदिवासींच्या लोकरी कामातल्या रेषा त्यात दिसतात. आकड्यांतून आकार आणि आकारांतून शब्द, मध्ये जोड नाही. टोकियोत इक्को तानाकाने १९८१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जपानी नृत्याच्या कार्यक्रमासाठी सारख्या चौकोनांची जाळी आखली आणि त्रिकोण, अर्धवर्तुळ, पाव वर्तुळ यांच्या तुकड्यांतून नर्तकीचा चेहरा उभा केला. स्विस शिस्त आणि जपानी लाकडी ठशांच्या चित्रांतला चेहरा एकाच जाळीत. यात उसनं काही वाटत नाही, कारण किमोनोची घडी आणि केसांचा आकार मुळात तसेच सपाट आणि कडेला धारदार असतात.

कागदावर उतरताना भूमिती फसवते, हेही इथेच सांगायला हवं. एकाच उंचीचे चौकोन आणि वर्तुळ शेजारी ठेवले तर वर्तुळ लहान दिसतं. म्हणून ते दोन-तीन टक्के मोठं काढावं लागतं. मोजून मधोमध ठेवलेला ठिपका खाली घसरल्यासारखा वाटतो. सारख्याच जाडीची आडवी रेष उभीपेक्षा जाड दिसते. पाउल रेनरचा १९२७ चा फ्युचुरा टाइप कंपासने काढल्यासारखा भासतो, पण त्यातलं एकही अक्षर निव्वळ कंपासचं नाही. गोलाई जिथे उभ्या दांड्याला भेटते तिथे ती बारीक केलेली आहे, नाहीतर त्या सांध्यात शाईचा गोळा दिसला असता. सॉफ्टवेअरच्या ‘अलाइन’ बटणावर सगळं सोडणाऱ्यांच्या पोस्टरांत काहीतरी बोचत राहतं, आणि काय बोचतं ते त्यांना सापडत नाही.

आता देवनागरी. हे सगळं रोमन अक्षरांसाठी घडलेलं शास्त्र आपण जसंच्या तसं उचललं, आणि गडबड तिथे झाली.

फरक बघा. रोमन मोठ्या अक्षरांचा शब्द म्हणजे वर-खाली सरळ कापलेला पट्टा. तो चौकोनाशेजारी ठेवला की दोघं भावंडं वाटतात. देवनागरी शब्दाला तीन मजले. मधला अक्षराचा, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वाराचा आणि खाली उकाराचा. पट्टा म्हणून त्याची वरची कड सरळ नसते. पण त्याच्याकडे रोमनकडे नसलेली गोष्ट आहे : शिरोरेषा. पोस्टरमध्ये ज्या आडव्या रेषेसाठी चिखोल्ड पितळी पट्टी शोधायचा ती आपल्याकडे शब्दाबरोबरच जन्माला येते. शब्द नव्वद अंशांत फिरवला तर कागदाला उभा कणा मिळतो. पुन्हा जर्मन भाषेत प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं. ते मोडून सगळं लहान लिपीत लिहावं म्हणून बायरने १९२५ पासून केवढी खटपट केली. आपल्याकडे मोठी-लहान लिपीच नाही. तो झगडा आपल्या वाट्याला आलाच नाही.

आकारांचा हिशेबही वेगळा निघतो. ठ घ्या : छोट्या देठाला लटकलेलं जवळजवळ पूर्ण वर्तुळ. व आणि ब गोलाई आणि काना. प तीन बाजूंनी कोंडलेली, वर शिरोरेषेने बंद केलेली चौकट. ळ म्हणजे शेजारी शेजारी दोन गोल, आणि हा ळ तर मराठीत पावलोपावली. वर्तुळ भरपूर, चौकोन पुरेसे. त्रिकोण? जवळपास नाहीच. र, श, ख यांत एखादी तिरपी रेघ येते तेवढीच. रोमनमध्ये ए, व्ही, डब्ल्यू, एम, एन, के अशी टोकदार अक्षरांची रांग आहे. म्हणून त्यांच्या पोस्टरात त्रिकोण आला की तो घरचाच वाटतो. मराठी शब्दाशेजारी तोच त्रिकोण पाहुण्यासारखा उभा राहतो. विरोध दाखवायचा असेल, धक्का द्यायचा असेल तर उत्तमच. नुसता सजावटीला ठेवला तर मात्र तो रोमन पोस्टरपेक्षा मराठी पोस्टरमध्ये जास्त खटकतो.

पुढची अडचण जाडीची. देवनागरीचं वळण बोरूच्या तिरक्या कापातून आलं, आणि त्यातला जाड-बारीकचा कल रोमनच्या उलट बाजूचा. भूमितीच्या आकारांशी जुळवायला एकसारख्या जाडीचं अक्षर हवं, म्हणजे बोरूला रजा द्यायची. तसं केलं की म, भ, क्ष यांच्या गाठी बुजतात. इंडियन टाइप फाउंड्रीच्या २०१४ मधल्या पॉपिन्स या फॉन्टने, ज्याची देवनागरी निनाद काळे यांची आहे, हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला आणि त्यानंतर गोलाईदार, समान जाडीची देवनागरी सगळीकडे दिसू लागली. ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मोदक’ या फॉन्टने उलट दिशेने गंमत केली. अक्षर इतकं फुगवलं की आतली पोकळी जवळजवळ मिटली आणि शब्द हाच एक आकार झाला. पोस्टरवाल्यांना मोदकने दिलेली मोकळीक अजून पुरती वापरली गेलेली नाही.

फॉन्ट येण्याच्या कितीतरी आधी हे काम हाताने झालेलं आहे. १९३५ साली सर ज. जी. कलाशाळेत कमर्शियल आर्टचा विभाग निघाला. तिथून आणि त्याच्या आसपास लेटरिंग करणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. कमल शेडगे यांनी (१९३५–२०२०) नाटकांची नावं वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत अशी रेखली की प्रेक्षक नाटकाआधी अक्षर ओळखू लागले. काळी शाई, खरखरीत कागद, कॉलमची अरुंद रुंदी. रंगांची चैन नाही म्हणून सगळी मदार शिरोरेषा कुठे तोडायची, वेलांटी किती लांब ओढायची यावर. दुसरीकडे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये सुरू झाली. बासेलचा आर्मिन होफमन तिथे १९६५ मध्ये शिकवून गेला. १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत आयडीसी हे डिझाइन केंद्र निघालं. तिथे रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) अक्षराकडे चित्र, कविता आणि तंत्र अशा तिन्ही बाजूंनी पाहायला शिकवत. विंडोजबरोबर घरोघरी गेलेला मंगल हा फॉन्ट त्यांचाच. स्विस धडा आणि नाटकाच्या जाहिरातीतला धडा या दोन शाळा मात्र बराच काळ एकमेकींना भेटल्या नाहीत. एकीला मोकळी जागा कळत होती, दुसरीला अक्षर.

त्या भेटल्या तर काय होईल? समजा, तबल्याच्या एका बैठकीचं पोस्टर करायचं आहे आणि शब्द आहे ‘ठेका’. तीनतालाच्या सोळा मात्रा, म्हणजे चार गुणिले चार वर्तुळांची जाळी आपसूक तयार होते. सम पहिल्या खान्यात. ते वर्तुळ म्हणजेच ठ चा गोल, त्यामुळे शब्द आणि जाळी एकाच मापाने बांधले जातात. तालातली ‘खाली’ पोकळ वर्तुळाने दाखवायची. बहुतेक जण तिसरी ओळ सरसकट पोकळ करतील, कारण नवव्या मात्रेला हात मोकळा पडतो. पण ठेका ऐका : धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नवव्या मात्रेच्या ‘धा’त डग्गा वाजतोच. तो गप्प होतो दहावीपासून तेरावीपर्यंत. म्हणजे पोकळ वर्तुळं तिसऱ्या ओळीची शेवटची तीन आणि चौथ्या ओळीचं पहिलं. जाळीतली सममिती मोडते, नजर ओळीच्या टोकावरून खालच्या ओळीच्या सुरुवातीला उडी मारते, आणि वाजवणारा माणूस लांबूनही ताल ओळखतो. ‘ठे’ची मात्रा जाळीच्या बाहेर वर जाते, म्हणून वरचा समास खालच्यापेक्षा मोठा ठेवावा लागतो. इथे माझ्या मनाने ठरवलेलं फारच थोडं आहे.

अशा पोस्टरची वाट लागते ती दोन ठिकाणी. एक, अक्षरांतलं अंतर. स्विस पोस्टरांत शब्द ऐसपैस सोडलेला दिसतो म्हणून आपल्याकडेही ट्रॅकिंग वाढवतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. शब्दाला मोकळं करायचं तर अक्षरांच्या मध्ये जागा घालायची नाही, शब्दाच्या भोवती सोडायची. शिरोरेषा तोडायचीच असेल तर शेडगे तोडत तशी, अक्षर बघून, हाताने. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय सुरू न करता मजकूर ओतला की जोडाक्षरं सुटतात आणि वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते, हा त्याच जातीचा आणखी एक अपघात. मोठ्या शहरांतल्या फलकांवरही तो दिसतो.

दुसरं ठिकाण म्हणजे तळ. टोनहाले हा एकच ग्राहक वीस वर्षं म्युलर-ब्रोकमनच्या पाठीशी होता आणि छापायला असायचं ते संचालकाचं, वादकाचं, रचनांचं नाव, तारीख, तिकीट. आपल्याकडे डिझाइन पसंत झाल्यावर यादी येते : उद्घाटक, प्रमुख अतिथी, विशेष उपस्थिती, सौजन्य, सहप्रायोजक, आणि प्रत्येकाचा गोल फोटो. फ्लेक्सला रंग आणि फोटो यांचा वेगळा खर्च नसल्याने नाही म्हणायला कारणही उरत नाही. यावर जे डिझायनर टिकून आहेत ते फोटो नाकारत बसत नाहीत. सगळी नावं एकाच फॉन्टमध्ये, एकाच आकारात, डावीकडे एका रेषेत लावून त्यांचा एकच ठोकळा करतात, त्याची रुंदी वरच्या जाळीच्या दोन खान्यांइतकी ठेवतात आणि लोगो एका रंगात छापायची परवानगी मागतात. परवानगी कधी मिळते, कधी नाही. मिळाली नाही तर लोगोंची पट्टी पोस्टरच्या बाहेर, खाली वेगळी छापायला सांगतात, म्हणजे भिंतीवर लावणाऱ्याला ती दुमडता येते.